मासळीच्या टेम्पोचा सडलेला फ्लोअर : एका दुरुस्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी टाटा ४०७च्या वर्गातली, वय १३ वर्षं. मालक दक्षिण मुंबईतल्या एका कोळीवाड्यातले. घरची बोट होती, ती गेली. त्यानंतर त्यांनी टेम्पो घेतला आणि मासळीच्या वाहतुकीवरच घर चालवलं. पहाटे अडीच-तीनला भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला माल भरायचा, दादरपासून मालाडपर्यंतचे बाजार करायचे आणि उन्हं तापायच्या आत गाडी मोकळी करायची, असा रोजचा क्रम. चालक त्यांच्याकडे सुरुवातीपासून आहे. क्लीनर मात्र बदलत राहिले.

मागच्या हौद्याची निगा चांगली होती. मासळीचं पाणी तिथेच सांडणार हे सगळ्यांना ठाऊक असल्याने दरवर्षी हौदा घासून रंगवला जायचा. केबिनकडे तसं कुणी पाहिलं नाही. मीठ तर केबिनमध्येही रोज येत होतं. धक्क्यावरच्या पाण्यात भिजलेले गमबूट आत यायचे, ओली गोणपाटं सीटखाली पडलेली असायची. सगळ्यात वाईट म्हणजे पापलेट आणि मोठी कोळंबी असा महागडा माल थर्माकोलच्या डब्यात भरून क्लीनरच्या पायाशी ठेवायची सवय होती. चोरीची भीती म्हणून ती पडली होती आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. डब्यातला बर्फ मात्र वितळायचा, पाणी रबरी मॅटखाली जायचं, मॅटखालचा नमदा (जाड लोकरीसारखा थर) ते शोषून घ्यायचा आणि ते तिथेच राहायचं.

तीन वर्षांपूर्वी चालकाच्या बाजूला पहिलं भोक पडलं. तेव्हा एका डेंटरने वरून जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा टाकून रिबिटं मारली, कडांना लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि खालून डांबर फासलं. काम एका दिवसात झालं, गाडी दुसऱ्या दिवशी धंद्यावर गेली. मालकांच्या लेखी तो विषय तिथे संपला होता.

अडचण

मालक आमच्या गॅरेजमध्ये आले ते पासिंगसाठी, म्हणजे गाडीच्या सरकारी फिटनेस तपासणीसाठी. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो आणि त्यांची तारीख दोन महिन्यांवर आली होती. मागणी सरळ होती : “वरनं अजून एक पत्रा मारून द्या. पासिंग झालं की पुढचं वर्षभर चिंता नाही.”

चालकाचं म्हणणं वेगळं होतं. मालकांसमोर तो बोलला नाही. मालक चहाला बाहेर गेल्यावर बोलला. क्लच दाबताना टाचेखालचा पत्रा दबतो. रात्री सिग्नलला गाडी उभी असली की केबिनमध्ये धूर येतो, डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. सीट जरा हलल्यासारखी वाटते. पावसात तर खालून थेट पायावर पाणी उडतं. “शेठना सांगितलं नाही, खर्चाचं ऐकून गाडीच विकतील,” असं तो म्हणाला.

या प्रकरणातला पहिला निर्णय इथेच झाला. पासिंगची तारीख धरून काम ठरवायचं, की चालकाने सांगितलेल्या चार गोष्टी धरून? पत्र्यावर पत्रा मारला असता तर वरून सगळं ठीक दिसलं असतं. सीट ज्यात आवळलेली आहे तो पत्रा, धूर आत येणारी भोकं आणि क्लचखालची हलणारी जागा यांतलं काहीच सुटलं नसतं. पहाटे तीनला, झोपेच्या वेळी, बंद काचांच्या केबिनमध्ये डिझेलचा धूर घेत गाडी चालवणारा माणूस हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, असं माझं मत होतं आणि आजही आहे. चालकाला सोबत घेऊन आम्ही मालकांशी पुन्हा बोललो. त्याने तेव्हा सगळं सांगितलं. मालक बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आधी उघडून तर बघा.”

तपासणी

सीट, मॅट, नमदा सगळं बाहेर काढलं. नमदा पिळल्यावर पाणी निघालं. दिवस उन्हाळ्याचे होते आणि गाडीने कित्येक महिन्यांत पाऊस पाहिला नव्हता, तरीही.

रिबिटं तोडून वरचा जीआय पत्रा उचलला तेव्हा खालचा मूळ पत्रा पापुद्र्यांच्या ढिगासारखा हातात आला. दोन पत्र्यांच्या फटीत खारट पाणी अडकलं होतं. वरून लांबी आणि खालून डांबर असल्याने ते बाहेर पडायला वाट नव्हती. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतं. तो गंज फुगत गेला आणि त्याने रिबिटंच ओढून सैल केली. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीने गंज थांबला नाही, उलट त्याला झाकलेली, ओली जागा मिळाली.

यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर उभे राहिले. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. मुंबईची हवा वर्षातला बहुतेक काळ त्याहून दमट असते. त्यामुळे समुद्राचं मीठ बसलेला पत्रा मुंबईत खऱ्या अर्थाने कधी वाळतच नाही. तो हाताला कोरडा लागतो, पण मिठाखाली ओलच असते. अशा पत्र्यावर कितीही महागडा रंग मारला तरी गंज रंगाच्या आतून काम करत राहतो.

मिस्त्रींनी हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन अख्खा फ्लोअर इंचाइंचाने तपासला. चांगला पत्रा हातोडीखाली खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज करतो. जिथे आवाज बदलला तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचायचा, आरपार गेला की खडूने खूण करायची. सगळ्या खुणा जोडल्यावर नकाशा तयार झाला आणि त्यातून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. क्लीनरच्या बाजूचा गंज वरून खाली गेलेला होता, मधोमध जास्त आणि कडांना कमी. तो डब्यातल्या पाण्याचा. चालकाच्या बाजूचा गंज मात्र पुढच्या कोपऱ्यातून सुरू होऊन मागे पसरला होता. तिथे तर डबा कधी ठेवलाच जात नव्हता.

मग पाण्याची चाचणी घेतली. आत कोपऱ्याकोपऱ्यात कोरडी वर्तमानपत्रं पसरली, एक मुलगा टॉर्च घेऊन आत बसला आणि बाहेरून पाइपने पाणी सोडलं, आधी खाली, मग हळूहळू वर. काचेच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पाणी पोचताच आतला कागद भिजला. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन कोपऱ्यात आक्रसलं होतं. वायपरखालच्या जाळीत पानं आणि माती साचून पाणी जायची वाट बंद झाली होती. ते तुंबलेलं पाणी रबराच्या फटीतून आत उतरत होतं. म्हणजे दोन बाजूंचे आजार दोन वेगळे होते. एकीकडे धक्क्याचं खारं पाणी, दुसरीकडे पावसाचं. ही चाचणी झाली नसती तर नवा पत्रा पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा पाण्यात उभा राहिला असता.

सगळ्यात गंभीर गोष्ट फ्लोअरखाली होती. केबिन चेसिसवर जिथे रबरी माउंटिंगवर टेकते, तिथली आडवी पेटी चालकाच्या बाजूला खालून फाटली होती. केबिनचं आणि आतल्या माणसांचं वजन हीच पेटी पेलते. आता हे काम नुसत्या पत्र्याचं राहिलं नव्हतं.

पर्याय

पहिला पर्याय मालकांचा, पुन्हा वरून पत्रा. खर्च चार-पाच हजार, वेळ एक दिवस. पेटीची अवस्था पाहिल्यावर आम्ही हे काम करणार नाही असं स्पष्ट सांगितलं. दुसरीकडे कुणीतरी करून दिलं असतं हे खरं, आणि मालकांनाही ते माहीत होतं.

दुसरा, केबिनच बदलायची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुनी केबिन मिळते. मालकांच्या एका नातेवाइकांनी असंच केलं होतं आणि त्यांचा या पर्यायाकडे ओढा होता. त्याच्या बाजूने बोलायला बरंच होतं : दाराखालची सिल, खांब, दारं, सगळं एकदम बदलतं. अडचणी दोन. बसवून, वायरिंग जोडून, रंगवून खर्च लाखाच्या पुढे जात होता. आणि जी केबिन पाहायला मिळाली तिच्यावर ताजा रंग होता. फ्लोअरवर चुंबक फिरवला तर दोन ठिकाणी तो पकडतच नव्हता, म्हणजे रंगाखाली लांबीचा जाड थर होता. दुसऱ्याचा गंज विकत घेण्यात अर्थ नव्हता. शिवाय मालाचं रीतसर बिल द्यायला विक्रेता तयार नव्हता. बिलाशिवाय जुनी केबिन घेणं म्हणजे उद्या ती कुठून आली हे विचारलं तर उत्तर नसणं.

तिसरा, गाडी विकून टाकायची. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम होते, चेसिसवर वरवरचा गंज होता. या अवस्थेतल्या केबिनसह भंगाराच्या जवळपासचा भाव आला असता आणि नव्या गाडीच्या हप्त्यांची मालकांची तयारी नव्हती.

चौथा, सडलेलं सगळं कापून काढायचं, पेटी नवी करायची, नवा फ्लोअर घालायचा, काचेचं रबर बदलायचं. अंदाज चाळीस हजारांच्या आतबाहेर आणि गाडी आठ-दहा दिवस उभी. मालकांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता : “एवढं करून किती वर्षं?” आम्ही वर्षांचा आकडा दिला नाही. केबिनमध्ये मिठाचं पाणी येणं थांबलं तर गाडीचं इंजिन संपेपर्यंत फ्लोअर टिकेल, तसंच येत राहिलं तर तीन वर्षांत पुन्हा भेटू, एवढंच सांगितलं. दोन दिवसांनी होकार आला.

काम केव्हा काढायचं

इथे खरी ओढाताण झाली. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. मासळी नाही म्हणजे टेम्पोला काम नाही. मालकांच्या दृष्टीने गाडी जूनमध्ये उभी करणं हेच शहाणपणाचं होतं. एकही फेरी बुडणार नव्हती.

पण जून म्हणजे पाऊस. मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून. आमच्या शेडला छप्पर आहे, दोन बाजू उघड्या आहेत. अशा हवेत घासून चकचकीत केलेला पत्रा तासाभरात तांबूस पडतो आणि त्यावर मारलेला प्रायमर धरत नाही. मे महिन्यात दुपारी पत्रा तापतो, वारा असतो, प्रायमर नीट बसतो. मे म्हणजे मालकांच्या मिळकतीचे शेवटचे दिवस. बंदीच्या आधी मालाला चांगला भाव असतो.

मिस्त्रींनी मधला मार्ग सुचवला. वेल्डिंग आणि प्रायमरपर्यंतचं काम मेच्या शेवटच्या आठवड्यात पुरं करायचं. सीट, मॅट, किरकोळ जोडणी आणि राहिलेला रंग जूनमध्ये सवडीने. मालकांनी त्या आठवड्यासाठी ओळखीच्याचा टेम्पो भाड्याने घेतला आणि भाड्याचे पैसे स्वतः सोसले. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त कौतुक या निर्णयाचं वाटतं. पैसे त्यांचे जात होते, आणि प्रायमरसाठी कोरडी हवा का लागते हे त्यांनी एकदा समजून घेतल्यावर पुन्हा त्यावर वाद घातला नाही.

पत्रा कोणता

मालकांचा आग्रह स्टीलचा, म्हणजे एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) होता. मासळीच्या धंद्यात टेबलं, ट्रे, टाक्या सगळं एसएसचं असतं आणि ते गंजत नाही हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं आहे. मग फ्लोअर का नको?

याचं उत्तर जोडावर आहे. एसएसचा पत्रा शेवटी साध्या लोखंडी केबिनलाच जोडायचा. दोन वेगळे धातू एकमेकांना लागून खाऱ्या पाण्यात राहिले की त्यांतला कमकुवत धातू झपाट्याने झिजतो. इथे तो कमकुवत धातू म्हणजे केबिनचा उरलेला पत्रा. फ्लोअर चकचकीत राहिला असता आणि त्याभोवतीचं लोखंड आधीपेक्षा लवकर गेलं असतं. शिवाय एसएस उष्णतेने जास्त फुगतं आणि पातळ पत्र्यात वेल्डिंगच्या वेळी वाकतं. ॲल्युमिनियमच्या चेकर प्लेटचाही विचार झाला. तिथे उलटं होतं. कमकुवत धातू ॲल्युमिनियम, म्हणून प्लेटच खाल्ली जाते.

जीआय पत्र्याची बाजू जरा बळकट होती. जस्ताचा थर लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो, म्हणून तो राखण करतो. मात्र वेल्डिंगच्या जागी तो थर घासून काढावाच लागतो, नाहीतर टाका सच्छिद्र होतो आणि जस्ताचा धूर छातीत जाऊन वेल्डरला ताप भरतो. म्हणजे जिथे राखणीची सगळ्यात जास्त गरज, त्या जोडावरच जस्त राहत नाही. शेवटी १८ गेजचा साधा सीआर (कोल्ड रोल्ड, जस्त नसलेला) पत्रा ठरला, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. पेटीसाठी १४ गेज, सुमारे २ मिलिमीटर. राखण रंगाने आणि सीलरने करायची. पत्रा दारूखान्यातून, म्हणजे मुंबईतल्या लोखंडाच्या बाजारातून आणला.

प्रत्यक्ष काम

कापण्याआधी धुणं. गॅरेजमधलं रोजचं पाणी बोअरचं आहे आणि समुद्राजवळच्या बोअरचं पाणी मचूळ असतं. त्याने धुतलं असतं तर मीठ काढायच्या नावाखाली मीठच मारलं असतं. पहिलं ढोबळ धुणं बोअरच्या पाण्याने झालं, शेवटची दोन महापालिकेच्या नळाच्या पाण्याने, पेटीच्या आतपर्यंत नळी घालून. नंतर दिवसभर उन्हात.

बॅटरीची वायर सोडवली. फ्लोअरखालून जाणारं वायरिंग, ब्रेकचा पाइप आणि डिझेलची नळी बाजूला घेऊन ओल्या गोणपाटाने झाकली. वेल्डिंग चालू असताना एक माणूस फक्त खालून ठिणग्या पाहत बसायचा, हाताशी पाण्याची बादली आणि अग्निशामक. जुन्या डांबराचे तुकडे दोनदा पेटले. तो माणूस तिथे नसता तर काय झालं असतं हे सांगायला नको.

पेटी आणि फ्लोअर कापला की केबिन आपला आकार सोडते. दार लागेनासं होतं. म्हणून आधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप टाक्यांनी जोडून घेतले, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवल्या आणि एका वेळी एकच बाजू कापली. ही पायरी वेळखाऊ आहे आणि बहुतेक ठिकाणी गाळली जाते. आमच्या मिस्त्रींनी ती गाळू दिली नाही.

कापायची रेघ खडूच्या खुणेवर नव्हती, तिच्या बाहेर दीड इंच होती. ग्राइंडर फिरवल्यावर जिथे काळे खड्डे न दिसता पांढरं लोखंड दिसतं, तिथपर्यंत कापायचं. यामुळे तुकडा अंदाजापेक्षा मोठा झाला आणि मालकांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. सडक्या कडेला वेल्डिंग केलं तर टाका धरत नाही, पत्रा वितळून भोक मोठं होत जातं. वेल्डर मग ते भोक बुजवत राहतो आणि शेवटी लांबी येते. तीन वर्षांपूर्वी तसंच झालं असणार.

आधी पेटी नवी केली, माउंटिंगची रबरं बदलली, केबिन टेकवून दारांच्या फटी पुन्हा मोजल्या. मग पुठ्ठ्याचे फर्मे काढून पत्रा कापला. मूळ फ्लोअरला उभार पट्ट्या होत्या. सपाट पत्रा टाकला असता तर पायाखाली दबला असता आणि इंजिनच्या हादऱ्याने रात्रंदिवस वाजला असता, म्हणून लाकडी साच्यावर ठोकून तशाच पट्ट्या उठवल्या. मिस्त्रींचं हे काम पाहत राहावं असं होतं. हातोडी हलकी, ठोके सारखे, आणि दर थोड्या वेळाने पत्रा उलटा करून डोळ्यासमोर धरून पाहणं.

जोडणी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणातल्या) वेल्डिंगने, ०.८ मिलिमीटरच्या वायरने. गॅस वेल्डिंगने पत्रा फार तापतो आणि लहरी येतात. सलग शिवण न घालता टाका इथे, पुढचा पार पलीकडे, असं फिरत राहायचं आणि दर वेळी पत्रा हात लावण्याइतका थंड होऊ द्यायचा. फ्लोअर जिथे पेटीवर बसतो तिथे पत्र्याला ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती टाक्याने भरली. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगच्या जागी गॅरेजमध्ये हाच खात्रीचा उपाय. सीट जिथे आवळतात तिथे खालून जाड पट्टी जास्तीची दिली.

प्रत्येक बाजूचं घासकाम सकाळी आणि इपॉक्सी प्रायमर त्याच दुपारी, हा नियम पाळला. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. नंतर सगळ्या जोडांना वरून आणि खालून सीलर, खालच्या बाजूला रबरी अंडरकोटिंग. डांबर वापरलं नाही. ते कालांतराने कडक होऊन तडकतं आणि तड्यातून शिरलेलं पाणी धरून ठेवतं. पेटीच्या आत मेणाचा फवारा मारला आणि तिची पाणी जायची भोकं मुद्दाम उघडी ठेवली. फ्लोअरला दोन्ही बाजूंच्या सखल कोपऱ्यात रबरी बुचांची भोकं दिली.

काचेचं नवं रबर बसवताना काच सुखरूप निघाली. नमदा परत घातला नाही. सुटी, उचलता येणारी पीव्हीसी मॅट दिली. महागड्या मालाच्या डब्यासाठी हौद्याच्या पुढच्या भागात कुलपाची पेटी करून दिली. मालकांना ती कल्पना लगेच पटली, कारण माल केबिनपेक्षा तिथे जास्त सुरक्षित होता.

निष्पत्ती

पासिंग वेळेत झालं. चालकाने पहिल्याच रात्रीनंतर सांगितलं की धूर येत नाही आणि क्लचखाली आता पाय ठाम राहतो. त्याच्या बोलण्यात आलेला मोकळेपणा मला पासिंगच्या कागदापेक्षा मोलाचा वाटला.

जूनमध्ये गाडी आमच्याच आवारात पावसात उभी होती, ते फार उपयोगी पडलं. पहिल्या जोराच्या सरीनंतर चालकाच्या बाजूला ओल दिसली. काच कोरडी होती. शोधल्यावर कळलं, इंजिनकडून केबिनमध्ये येणाऱ्या वायरिंगचं रबरी बूच फाटलं होतं. पाण्याच्या चाचणीत तिथे पाइप धरलाच गेला नव्हता, कारण आधीचा स्रोत सापडल्यावर चाचणी थांबली होती. बूच बदललं, चाचणी पुन्हा, या वेळी शेवटपर्यंत केली.

एक पूर्ण हंगाम आणि पुढचा पावसाळा गेल्यावर मालकांनी गाडी दाखवायला आणली. मॅट उचलली. जोड शाबूत, सीलर चिकटलेला, पेटीच्या भोकांतून मेणाचे डाग. क्लीनरच्या बाजूला बूच उघडून पाणी सोडायची सवय चालकाने स्वतःहून लावून घेतली होती. मात्र त्याच बाजूच्या दाराखालच्या सिलवर रंगाला दोन-तीन फोड आलेले दिसले. त्या भागाला आम्ही हात लावला नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर

सिलचा निर्णय मला आज वेगळा घ्यावासा वाटतो. तपासणीत ती बाहेरून घट्ट वाजली होती आणि अंदाजपत्रक आधीच ताणलेलं होतं, म्हणून ती बंदच ठेवली. पण सिल ही पोकळ पेटी आहे आणि फ्लोअरवरचं खारं पाणी वर्षानुवर्षं तिच्यातच उतरत होतं. आतून सडणारी गोष्ट बाहेरून वाजवून कळत नाही. एक अंगठ्याएवढं भोक पाडून आत टॉर्च टाकता आली असती. भोक नंतर बुचाने बंद होतं आणि त्यातूनच मेण मारता येतं. त्याला खर्च जवळजवळ शून्य. फ्लोअर उघडा असताना सिल बदलणं सोपं होतं, आता जोड पुन्हा कापावा लागेल.

पाण्याची चाचणी पहिला स्रोत सापडल्यावर थांबवायची नाही, हे आता आमच्या तपासणीच्या कागदावर छापलेलं आहे. काच, जाळी, दारांची रबरं, वायरिंगची बुचं, छताचे सांधे, सगळ्यांवर पाणी फिरल्याशिवाय सही होत नाही.

तिसरी गोष्ट चालकाची. त्याची तक्रार आमच्यापर्यंत योगायोगाने पोचली. मालक चहाला गेले नसते तर कदाचित पोचलीच नसती. आता गाडी आली की मालकाशी बोलण्याआधी चालकाला एकट्याला गाठून विचारतो : पाय कुठे दबतो, पाणी कुठून येतं, धूर येतो का. फ्लोअरबद्दल त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

खर्चाबाबत माझं मत बदललेलं नाही. हौद्याला दरवर्षी घासून रंगवणाऱ्या मालकांनी त्यातली थोडी मेहनत केबिनवर केली असती, दर महिन्याला मॅट उचलून गोड्या पाण्याने फ्लोअर धुतला असता, तर ही वेळ टळली असती. ते आता हे करतात. सिलच्या कामासाठी त्यांनी येत्या मेचा शेवटचा आठवडा ठरवून ठेवला आहे आणि भाड्याच्या टेम्पोवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय. काम भोक पाडून आतली तपासणी करण्यापासून सुरू होईल. कुठवर कापायचं ते त्यानंतरच ठरवू.